झऱ्याचा परिच्छेद

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, ज्यांच्यासोबत आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्हालाच का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात आम्ही काही शास्त्रज्ञ पन्हाळ्याला गेलो होतो. दोन दिवस मोबाइल बंद, एकेकट्यानं झाडाखाली बसायचं आणि मग ‘आपली जबाबदारी’ यावर बोलायचं, अशी कल्पना. माझी पाळी आली तेव्हा मी मुंग्यांवर बोलले. माणसानं कसं नम्र व्हावं, यावर बोलले. एकदोघांचे डोळे ओलावले. माझे? कोरडे ठणठणीत. झाडाखाली बसले होते तेव्हा डोक्यात एक सडा होता, आणि त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं पठार. दिसायला उजाड. पण हा खडक पावसाचं पाणी पोटात धरतो आणि उन्हाळाभर थोडं थोडं खाली सोडतो. काही वर्षांपूर्वी तिथं बॉक्साइटची खाण व्हायची होती. तिथल्या झाडाझुडपांचा आणि पाण्याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं.

तो सडा मला दाखवला हौसाक्कानं. खालच्या वाडीतली, म्हशी राखणारी. शाळा तिनं पाहिली नव्हती, पण कुठलं फूल कुठल्या डबक्याच्या काठाला येतं हे मला तिनंच शिकवलं. आणि झरा दाखवला — मनगटाएवढ्या धारेचा, भर चैत्रात न आटणारा. अख्खी वाडी त्याच्यावर होती. मी धार मोजली, टिपणं काढली, मसुद्यात एक परिच्छेद लिहिला: खडक काढला तर हा झरा जाईल.

मग मसुदा वाचून खाण कंपनीचा माणूस कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या घरी आला. धमकी? छे. लाच? तीही नाही. तसलं काही झालं असतं तर आज मला तेवढा तरी आडोसा असता. चहा पीत तो एवढंच म्हणाला, “मॅडम, झऱ्याचं लिहिलंत तर अजून एक उन्हाळा अभ्यास करावा लागेल.”

त्याच सुमारास एका मोठ्या समितीसाठी माझं नाव चाललं होतं. कामं रखडवणारी बाई, हा शिक्का मला नको होता. बस्स, इतकंच. मी परिच्छेद काढून टाकला. किती वेळ लागला असेल? चहाचा कप विसळायला लागतो त्याहून कमी.

अहवाल देण्याआधी एकदा सड्यावर गेले, तर वाटेत हौसाक्का भेटली. “बाई, आमचा झरा लिवलासा न्हवं कागदात?”

“लिहिलाय की,” मी म्हणाले. तिच्या डोळ्यांत बघून.

समितीवर गेले. खाण झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला तो आटलाच. वाडीला टँकर येऊ लागला, आला तर आला. हौसाक्कानं म्हशी विकल्या. हे सगळं मला कळत होतं — कोल्हापूर काय लांब आहे? पण मी तिकडं फिरकले नाही.

पन्हाळ्याहून परतताना मात्र गाडी वाडीकडं वळवली. आज सांगून टाकायचं, असं ठरवून गेले होते. खरंच ठरवलं होतं. हौसाक्का दारातच बसली होती, पार वाळलेली. मला ओळखलं आणि तिनं शेजारणीला हाक मारली.

“ये गं, बघ कोण आलंय! ह्याच त्या बाई. ह्येंनी झऱ्याचं समदं लिवलं हुतं. वरच्यांनी वाचलं न्हाय, त्येला ह्या काय करणार?”

शेजारीण पदर सावरत पुढं आली. माझ्याकडं बघत म्हणाली, “व्हय बाई? लिवलं हुतं तुमी?”

दोघी माझ्याकडं बघत होत्या.

“हो,” मी म्हणाले.