दोन मिनिटं स्तब्धता

आमच्या गल्लीतल्या रिटायर फौजीला सगळे मेजर म्हणतात. ते हवालदार होते, पण रहिमतपुरात एवढी बढती घरबसल्या मिळते.

टपरीवर आले की ते आधी मनगटावरच्या घड्याळाला चावी देतात, मग चहाला तोंड लावतात. घड्याळाला दोन बटणं आहेत. वरचं दाबलं की सेकंदकाटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो; खालचं दाबलं की उडी मारून शून्यावर येतो. कुणी "आलोच दोन मिनिटांत" म्हणालं, की लगेच टिक् ऐकू येतं. मी तर त्यांच्यासमोर तसं म्हणणंच सोडलंय.

परवा त्यांचा पत्त्यांतला जोडीदार गेला. स्मशानात भाषणं झाली, नगरसेवक म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया." नेहमीप्रमाणे थोड्याच वेळात त्यांनी "ओम शांती" म्हटलं. लोक चपलांकडे वळले.

"बावीस सेकंद झाल्यात! पीछे मुड!" मेजर घड्याळ बघत गरजले.

निम्मं गाव फौजेतलं, आपोआप वळलं. नगरसेवक एका पायात चप्पल घालून ताटकळले.

परतताना मी म्हणालो, "लय कडक वागलात मेजर."

"चाळीस वर्सं माज्यासंगं पत्तं खेळला गड्या. त्येला दोन मिनटं बी पुरी न्हाईत व्हय?"

मग घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "शिकून ठेव. माज्या टायमाला कोन मोजनार?"

मी गडबडून भराभर चावी फिरवायला लागलो.

"हळू रं," ते म्हणाले. "मला काय घाई न्हाई."