दुसरा रिमोट

सिंदी मेघेच्या आमच्या घरात आज दुपारी जे झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी सात वर्षांची ओवी आणि तिची आत्या, म्हणजे माझी नणंद, रोज एक व्हिडिओ गेम खेळायच्या. परीकथेच्या कार्टून सिनेमावरचा. दोन पऱ्या असतात. दोघी एकाच वेळी आपापल्या दगडावर उभ्या राहिल्या तरच किल्ल्याचं दार उघडतं. एकट्याने जमतच नाही.

परवा आत्याची तेरवी झाली.

आज ओवीने गेम लावला. दुसरा रिमोट तिने पाटावर ठेवला होता, बाजूला पाण्याचा पेला.

"हे काय गं?"

"तेरवीले आत्याचं पान वाढलं होतं ना, तसंच. हात नको लावू."

मी तिला रागावणार, तेवढ्यात पडद्यावर आत्याची परी हलली. हळूहळू डावीकडे सरकत गेली आणि भिंतीजवळच्या दगडावर जाऊन थांबली. ओवीची परी आपल्या दगडावर उभीच होती. दार उघडलं.

"चाल आत्या," ओवी म्हणाली आणि पुढे निघाली.

त्या रिमोटची दांडी बिघडली आहे, ती परीला आपोआप डावीकडे ओढते. नणंद कितीदा म्हणायची, "वहिनी, बाजारात गेली की हा दुरुस्त करून आणजो." मीच टाळत राहिले. हे सगळं मला माहीत आहे, तरी तो रिमोट मी अजून पाटावरून उचललेला नाही.

दुरुस्तीचं दुकान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. खरं सांगा, आता तुम्ही दिला असता तो रिमोट दुरुस्तीला?