आमच्या विभागातली अनुभवी माणसं

विद्यापीठाच्या आमच्या विभागात दूरसंचार आणि माध्यमं एकाच छपराखाली शिकवतात. शिकवणारे आम्ही तिघं. त्यातले सर आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांना फोन जोडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. घरोघर मोबाईल आले, एक्स्चेंजला कुलूप लागलं आणि सरांना मुदतीआधीच घरी बसवलं. दुसऱ्या बाई रेडिओवर निवेदन करायच्या. तिथले स्थानिक कार्यक्रमच बंद झाले. तिसरी मी, भोरची बातमीदार. बातम्या आणायच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीही आणायच्या, असं ते काम. जाहिराती आटल्या, तसा पेपरने भोरमधून गाशा गुंडाळला.

दरवर्षी पहिल्या दिवशी नव्या मुलांसमोर उठून प्रत्येकाने आपली पार्श्वभूमी सांगायची, ही विभागाची रीत. ‘मला काढलं’ असं कुणी म्हणत नाही. ‘प्रदीर्घ अनुभवानंतर अध्यापनाकडे वळले’ असं म्हणायचं. दरवर्षी म्हणून म्हणून आम्हालाही ते खरं वाटायला लागलं.

एका वर्षी हिर्डोशीच्या वरच्या वाडीतली एक मुलगी एम.ए.ला आली. घरी शेळ्या आणि थोडी नाचणी. भोरला खोली घेऊन राहायची आणि मी भोरहून जाते त्याच एसटीने पुण्याला विद्यापीठात यायची. आमची भाषणं ऐकून परत येताना शेजारी बसली आणि म्हणाली, “म्याडम, तुमी तिघं बी येवडी चांगली कामं सोडून हितं का आलात?”

मी पर्समधलं तिकीट शोधायला लागले. तिला वाटलं, मला राग आला.

“तसं न्हाई ओ. घरच्यांनी दोन वर्सं दिल्यात. तवर नोकरी लागली तर ठीक, न्हाई तर लगीन. मामानं पोरगा बगून ठेवलाय. म्हनून इचारलं.”

“लागेल की,” मी म्हणाले. “तुझ्यासारखी मुलगी कुणालाही हवीच असते.”

कुणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

पोरगी खरंच चांगली निघाली. घाटाकडची एसटी बंद झाली तेव्हा तिने लिहिलेली बातमी मी दोनदा वाचली. चांगल्या दिवसांत पेपरने ती पहिल्या पानावर घेतली असती. मी जुन्या ओळखीच्यांना फोन लावले. निम्म्यांनी धंदा सोडलेला. एकाने पानशेतला हॉटेल टाकलंय, तो म्हणाला, जेवायला या. एका वेब चॅनेलने तिला बिनपगारी घेतलं आणि वाढदिवसांचे व्हिडिओ काढायला लावले. ती परत आली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि तरी मी शिकवत होते. त्या दिवसांत वर्गात जायचीच मला शिसारी यायची.

दोन वर्षं संपली. मामाचे फोन सुरू झाले. तेवढ्यात रेडिओवाल्या बाई मुलाकडे कायमच्या निघून गेल्या आणि विभागप्रमुख म्हणाले, “त्या हिर्डोशीच्या मुलीलाच तासिकेवर घेऊ. हुशार आहे, जास्त मागणारही नाही.” मी लगेच मान हलवली. दुसरं काय करणार होते? तासांचे पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही, पण तिने घरी सांगितलं, नोकरी लागली. लग्न लांबलं. आईने वाडीत पेढे वाटले.

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी ती सकाळी भोरच्या स्टँडवर नवी साडी नेसून उभी होती. चेहरा मात्र उतरलेला.

“म्याडम, आज समद्यांनी अनुभव सांगायचा ना? म्या तर अजून कुटंच काम केलं न्हाई. पोरांना शिकवू काय?”

“आम्ही शिकवतो तेच,” मी म्हणाले.