नदीच्या दगडाची मूठ

निजामाच्या अमदानीत, गंगाखेडजवळच्या एका गावात, मी लोहाराच्या घरात सून म्हणून आले. भाता मी ओढायची आणि सुऱ्या सासरे घडवायचे. पातं काय, कुणीही लोहार करील; आमच्या सासऱ्यांचं नाव होतं ते मुठीसाठी. गोदावरीच्या काठावर दगड झालेलं जुनं लाकूड सापडायचं. ते कुरुंदाच्या कठीण दगडाच्या पुडीनं महिना महिना घासत बसायचे, तेव्हा कुठं त्यात झाडाच्या रेघा दिसायला लागत. माणूस तसा तुसडा, पण त्या हातांचं मला भारी कौतुक होतं.

एकदा गंगाखेडच्या एका व्यापाऱ्याच्या बायकोनं सुरी सांगितली. गळ्यात लिंग बांधणारं घर ते; देवापुढची फळं चिरायला सुरी हवी होती. तिची अट एकच, मूठ हाडाची नको, शिंगाची नको. सासऱ्यांनी हसतहसत शब्द दिला. नदीतून मधाच्या रंगाचा एक दगड उचलून आणला आणि तहानभूक विसरून त्याच्या मागं लागले. मूठ अशी उतरली की शेजारपाजारचे बघायला यायचे.

तेव्हा मला दिवस गेले होते आणि माती खायचे डोहाळे लागले होते. नव्या सुनेनं हे सांगायचं कुणाला? मुठीचा कापून टाकलेला तुकडा हाताला लागला, तो मी चुलीपाशी बसून चोरून चाटला. तो जिभेला घट्ट चिकटला. सासरेच सांगायचे, रेघा दोन्हींत दिसतात, पण लाकडाचा दगड जिभेला धरत नाही, हाडाचा झालेला धरतो. हा त्यांनी पाण्यातून ओलाच उचलला होता, ओला असला की कुठलाच धरत नाही, आणि आनंदाच्या भरात नंतर जीभ लावायची राहून गेली होती.

दोन दिवस तसेच गेले. बोलावं तर माझी चोरी उघडी पडणार, न बोलावं तर त्यांचा शब्द खोटा होणार. ते सुरी फडक्यात बांधायला लागले तेव्हा मात्र राहवेना. पदर ओढून म्हटलं, "मामंजी, हा दगड जिभंला चिकटायलाय."

त्यांनी तुकडा जिभेला लावला. तो चिकटला. खरं सांगते, ते गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि मलाही तसंच व्हावंसं वाटत होतं. पण ते उठले आणि सुरी घेऊन गंगाखेडला गेले, त्या बाईला सगळं सांगायला.

दिवस मावळायच्या आत सुरीसकट परत आले. बाईनं तिला हात लावला नव्हता. दुसरी तुमीच करा, आता मी मूठ कशाची म्हणून विचारायची न्हाई, असं ती म्हणाली, हे त्यांनी सासूबाईंना सांगितलं. मग माझ्याकडं न बघता त्यांनी भात्याजवळ एक पुरचुंडी ठेवली. आत भाजलेल्या मातीचे खडे होते.

"हे खात जा, पोरी," ते म्हणाले. "दगडाला तोंड लावू नको."