मंगलचा निरोप पेठपर्यंत

सकाळच्या पेठ गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ डबा, पाण्याची बाटली आणि मोबाइलमध्ये साडेचार मिनिटांचा एक व्हिडिओ होता. व्हिडिओतला निरोप काय आहे, ते मला माहीत नव्हतं.

नाशिकला गंगापूर रोडवर माझं शिवणकामाचं दुकान आहे. मंगल तिथे तीन वर्षं काम करते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेत शिकली असल्यामुळे माझ्याशी ती वहीत लिहून बोलते. तिच्या आईला मात्र लिहिता-वाचता येत नाही. मायलेकींची हातवाऱ्यांची स्वतःची भाषा आहे आणि ती तिसऱ्या कोणाला कळत नाही. व्हिडिओ कॉल केला तर पेठपलीकडच्या आईच्या पाड्यावर रेंज कमी असल्यामुळे बोटांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून मंगलने ट्यूबलाइटखाली उभं राहून, सगळ्यात चांगल्या क्वालिटीत निरोप रेकॉर्ड केला आणि माझ्या फोनमध्ये टाकला.

"तू स्वतः का जात नाहीस?" मी लिहिलं.

"समोर सांगवणार नाही," तिने लिहिलं.

घाट सुरू झाला तसे मी डोंगरांचे फोटो काढू लागले. सगळे हलले. पेठला उतरले तेव्हा बॅटरी अठरा टक्के होती. टपरीवर चहा घेतला आणि चार्जर काढला.

"लाइट नाय, ताई," टपरीवाला म्हणाला.

"कधी येईल?"

"गेली कधी ते सांगतो. येण्याचं नाय सांगता येत."

फोन बंद करून जीपमध्ये बसले. पुढे अर्धा तास चालत गेले.

मंगलची आई सोनाबाई अंगणात नागली (नाचणी) वाळत घालत होती. मंगलचे वडील नाहीत. घरात ती एकटीच. व्हिडिओ आणलाय म्हटल्यावर तिने आधी मला जेवायला बसवलं. नागलीची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पाहिलं आणि आणखी वाढली.

मग ओसरीवर बसून आम्ही व्हिडिओ लावला.

"वाळलीय," ती पहिल्यांदा म्हणाली. मग कशाला तरी हसली. मग हसायची थांबली.

"परत लावा."

परत लावला. बॅटरी नऊ टक्के.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"पोरगा पाहिलाय तिनं. घोटीचा. त्यालाबी ऐकू येत नाय." तिने ओसरीजवळची नागली हाताने पसरली. "उद्या पोर झालं अन् रडलं, तर ऐकायचं कोणी?"

घोटीला रेंज चांगली आहे, असं मी म्हणाले.

मग ती उठली. हात धुतले, पदर नीट केला आणि उन्हात उभी राहिली. "माझा काढा. बोटं दिसली पाहिजेत."

मी दोन्ही हातांनी फोन धरला. तिचे हात भराभर चालत होते. मध्येच तिने स्वतःचे दोन्ही कान धरले. शेवटी हात खाली सोडले आणि नुसतीच कॅमेऱ्याकडे पाहत राहिली. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"काय सांगितलंत?"

"तिला सांगितलं."

परतीच्या जीपमध्ये फोन बंद पडला. नाशिकपर्यंत मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मंगलने मशीन थांबवून तो व्हिडिओ पाहिला. तीनदा पाहिला. मग पदराने स्क्रीन पुसली, डोळे तसेच ओले ठेवले आणि वहीत लिहिलं: "आई म्हणते, लग्न कर. बाळ झालं की ती येऊन राहील. ऐकायचं काम तिचं."

तीन वर्षं मी मंगलच्या शेजारी बसते आहे. तिच्या हातांच्या भाषेतले 'चहा' आणि 'कात्री' एवढे दोनच शब्द मला येत होते, कारण मला तेवढेच लागत होते. त्या दिवशी मी तिला 'आई' कसं म्हणतात ते विचारलं. तिने करून दाखवलं. मी दोनदा चुकले. तिसऱ्या वेळी तिने माझं बोट धरून जागेवर ठेवलं.