काजळीबाईंची लाल खूण

वेधशाळेत त्यांना सगळे काजळीबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. एकदा नव्या शिपायाने त्यांना "मॅडम" अशी हाक मारली, तर आपल्यामागे कोण आलंय हे बघायला त्या वळल्या होत्या.

बाईंचं काम ऐकायला मोठं आणि बघायला कंटाळवाणं. दुर्बिणीपुढे प्रिझम लावून आकाशाचा फोटो काचेच्या प्लेटवर घेतलेला असे. त्यात प्रत्येक तारा ठिपक्यासारखा न दिसता छोट्या करड्या पट्टीसारखा दिसे. त्या पट्टीतल्या खाचांवरून ताऱ्यात काय काय आहे ते ओळखायचं. तळमजल्यावरच्या खोलीत, खालून उजेड देणाऱ्या टेबलावर प्लेट ठेवून बाई डोळ्याला भिंग लावत आणि एकेक पट्टी बघत. एका प्लेटवर काही हजार पट्ट्या. छत्तीस वर्षं हेच.

त्या शोधत असत ते कार्बनचे तारे. मी प्लेटा सांभाळायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं होतं. "हे बघ, बहुतेक ताऱ्यांत ऑक्सिजन जास्त असतो. तो कार्बनला धरून बसतो, कुठे जाऊ देत नाही. पण एखाद्यात कार्बनच वरचढ होतो. मग उरलेल्याची काजळी धरते, निळा उजेड ती गिळते आणि तारा लालबुंद दिसतो. आत काय शिजतंय ते आपण धुरावरून ओळखायचं." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "आणि कडेने धर ती. ताट आहे का ते?"

असा तारा सापडला की काचेच्या मागच्या बाजूला त्या लाल शाईने बारीक गोल काढत. खात्री नसली तर गोलाशेजारी प्रश्नचिन्ह. खात्रीचे तारे छापील यादीत जात, वेधशाळेच्या प्रमुख साहेबांच्या नावाने. प्रश्नचिन्हवाले फक्त काचेवर राहत. त्यांची दुसरी कुठेच नोंद नव्हती.

एकाच ताऱ्यावरून बाई आणि साहेब यांचं वाजलं होतं. प्लेट चारशे बारा, खालचा डावा कोपरा. अगदी पुसट पट्टी, पण बाईंनी तिच्याभोवती दोनदा गोल काढला होता. साहेब म्हणाले, प्लेट धुताना पडलेला डाग आहे, खूण पुसा. बाईंनी पुसली नाही. आयुष्यात तेवढी एकच आज्ञा मोडली, पण त्या दिवसापासून त्यांच्या प्लेटांवर प्रश्नचिन्हं वाढली. डबा धुताना मध्येच मला विचारायच्या, "तो डाग असेल का रे?" मी म्हणायचो, "मला काय कळतंय, बाई."

त्या निवृत्त झाल्या आणि सगळ्या प्लेटा स्कॅन करायचं ठरलं. नियम सोपा होता: आधी खुणांसकट प्लेटचा फोटो, मग खुणा स्पिरिटने पुसायच्या, मग स्कॅन. शाई राहिली तर तिच्याखालचे तारे झाकले जातात. एके दिवशी कॅमेऱ्याच्या टेबलाचा दिवा गेला. दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येणार होता आणि माझ्यापुढे सव्वीस प्लेटांची पेटी उघडी होती. मी म्हटलं, यादी तर छापलेलीच आहे, उरल्या त्या बाईंच्या शंका, त्यांचं काय एवढं! सव्वीसच्या सव्वीस पुसून टाकल्या. वहीत 'फोटो झाला' या रकान्यात बरोबरच्या खुणाही केल्या, सुबक, एकाखाली एक. चारशे बारा त्याच पेटीत होती. तो दुहेरी गोल कापसावर गुलाबी होऊन आला तेव्हा माझा हात थांबला, हे मला लख्ख आठवतं. थांबला आणि पुन्हा चालू लागला.

वर्षभराने एक संशोधक मुलगी आली. आमच्या स्कॅनवरून तिने एक पुसट तारा हेरला होता आणि मोठ्या दुर्बिणीने तपासला होता. कार्बनचाच निघाला. चारशे बारा, खालचा डावा कोपरा. तिने विचारलं, "आधी कुणी इथे खूण केली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

वेळ मारून नेली. पण बाईंना सांगायचं तर पुसल्याचंही सांगावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं. त्यांच्या घराच्या गल्लीपर्यंत दोनदा जाऊन परतलो. मन खात होतं, तरी जेवत होतो, झोपत होतो, याची आज जास्त लाज वाटते. आणि शेवटी गेलो तोही काही मोठ्या मनाने नाही. गेल्या महिन्यात वेधशाळेने वह्या फोटोंशी ताडून नव्याने तपासायला घेतल्या. आता पकडला जाणार, म्हणून गेलो.

दार बाईंच्या बहिणीने उघडलं. "आली का आठवण?" म्हणाली, आणि आत नेता नेता हळूच, "काचबिंदू झालाय. दीड वर्ष झालं, काही दिसत नाही तिला."

बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. माझ्या आवाजाकडे त्यांनी तोंड वळवलं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "बाई, चारशे बारावरचा तो डाग नव्हता. ताराच होता. कार्बनचा."

त्या मांडीवर थाप मारून हसल्या. "ताई, ऐकलंस? डाग नव्हता म्हणे! मी सांगत नव्हते?" एवढ्या मोठ्याने हसलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग बाकीचं सांगितलं. पेटी, कापूस, वहीतल्या खोट्या खुणा, त्या मुलीला दिलेलं उत्तर. शिव्या खायच्या तयारीनेच आलो होतो. एखादी मिळाली असती तर बरं झालं असतं.

"खुणा गेल्या त्या गेल्या," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला आजच्या आज कळव."

"कळवतो."

"पण तो तारा आहे, हे तुला कधी कळलं?"

"तीन वर्षं झाली, बाई."

शेजारच्या टेबलावर त्यांचं जुनं भिंग होतं. चाचपडत त्यांनी ते उचललं, त्याच्या कडेवरून बोटं फिरवत बसल्या.

"तीन वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या, "मला दिसत होतं रे."