वसुंधरेने लाठी निवडली

झाशीच्या रेल्वे वसाहतीत आमच्या भिंतीला लागून दिवाकर खांबेटे यांचे क्वार्टर होते. दिवाकरराव मालगाडीवर गार्ड होते. तीन दिवस लाइनवर आणि चौथा दिवस घरी, असा त्यांचा साधारण क्रम असे. बीना जंक्शनकडून येताना ते खरबुजे आणत आणि त्यातली दोन आमच्या दारात ठेवून जात. वसाहतीत कोणाचे मूल आजारी पडले, तर दवाखान्यात सर्वांआधी तेच उभे असत. आणि चौथ्या दिवशी ते आपल्या पत्नीला, इंदुमतीबाईंना, मारत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांतली पहिलीच तेवढी बोलायची, असे आम्ही सर्वांनी न ठरवता ठरवले होते. दुसऱ्या दिवशी इंदुमतीबाई विरजण मागायला येत आणि कोणी विचारण्याआधीच माझ्या पत्नीला सांगत, "आमच्या दाराची चौकट फारच पुढे आली आहे हो."

वसुंधरा त्यांची एकुलती एक मुलगी. पुढची हकीकत तिने बऱ्याच वर्षांनी माझ्या पत्नीला सांगितली, तीही तुकड्यातुकड्यांनी.

१९७८ च्या उन्हाळ्यात तिला तेरावे वर्ष लागले होते. वडिलांना थांबवायचे, हे तिने ठरवले होते; कशाने, एवढेच ठरायचे होते. कुस्तीच्या आखाड्यात मुलींना घेत नसत. उरल्या दोन वाटा: रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नुकताच सुरू झालेला ज्युदोचा वर्ग, आणि शहरात किल्ल्याच्या उतारावर शिवाजीराव उस्तादांचा लाठीचा आखाडा. ती आधी ज्युदोकडे गेली. तिचा हिशेब सरळ होता. स्वयंपाकघर तिने वितीने मोजले होते. तिथे पाच हात लांबीची लाठी फिरवायला जागाच नव्हती. ज्युदोत मात्र माणसाला गळ्याशी धरून खाली आणता येत होते.

कोच भला माणूस होता. तिने विचारले, "माझ्यापेक्षा दुप्पट वजनाच्या माणसाला पाडायला किती दिवस लागतील?"

"दिन?" तो हसला. "बिटिया, मन लगाकर करोगी तो तीन साल. क्यों, किससे लड़ाई है?"

तीन वर्षांत किती चौथे दिवस येतात, हे तिने घरी परतताना मोजले आणि अर्ध्यातच सोडून दिले.

शिवाजीराव हे झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी घरात अजून टिकली होती, पण वाक्य सुरू एका भाषेत होई आणि संपे दुसरीत. आखाड्यात नव्याने येणाऱ्याच्या मनगटावर ते काळा गंडा बांधत, म्हणजे त्याला शिष्य करून घेत, आणि त्याआधी एक नियम ऐकवत: इथला गंडा ज्याच्या हातावर आहे, त्याच्यावर आखाड्याबाहेर हात उचलायचा नाही. बाजारात नाही, घरातही नाही. जो उचलेल त्याचा गंडा सर्वांसमोर तोडला जाई, आणि गंडा तुटलेल्या माणसाच्या हातचे आखाड्यातले कोणी पाणीसुद्धा घेत नसे.

वसुंधरेला हा नियम ठाऊक होता, कारण दिवाकररावांच्या मनगटावर तोच गंडा होता. तरुणपणी नोकरीवर झाशीला आले तेव्हा ते तिथे लाठी शिकले होते आणि दर गुरुपौर्णिमेला नवा गंडा बांधून घेत. एकदा सदर बाजारात आखाड्यातल्याच एकाने भर गर्दीत त्यांना थोबाडीत मारली, तेव्हा ते हात जोडून उभे राहिले होते. ही गोष्ट ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगत.

"बैठ, बेटा. कोणाची पोर तू?" ती आखाड्यात गेली, तेव्हा उस्तादांनी विचारले.

"दिवाकर खांबेट्यांची."

"अरे, अपना दिवाकर! मग विचारायचं काय? पण एक सांग. लाठी किस पर उठानी है? इथे येणाऱ्या हरेकाच्या मनात कोणीतरी असतोच."

"त्यांच्यावरच."

उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "गंडा बांधलास तर तो तुला बोटही लावणार नाही, हे मी लिहून देतो. पण मग तूही नाही, बेटा. कधीच नाही."

"मला नाही मारत ते. आईला मारतात." ती म्हणाली, "आईलाही बांधा ना गंडा."

"वहिनींना?" उस्ताद खरोखर गोंधळले. "बायकोला गुरुबहीण कशी करू? रिश्ता ही बदल जाएगा! लोक काय म्हणतील मला?"

त्या दिवशी ती गंडा न बांधताच परतली. वडिलांना जमिनीवर पडलेले पाहायचे, या एका चित्रावर तिने वर्ष काढले होते. ते सोडणे सोपे नव्हते. "मला त्यांना मारायचंच होतं, काकू," असे ती माझ्या पत्नीला म्हणाली. हे सांगतानाही तिचा आवाज स्थिर होता.

गुरुपौर्णिमेला तिने गंडा बांधून घेतला. दिवाकररावांनी वसाहतीत पेढे वाटले. "वाघीण आहे माझी," ते मला म्हणाले, आणि मीही पेढा खाल्ला.

पुढच्या चौथ्या दिवशी वरणात मीठ जास्त पडले. ते उठले, तशी वसुंधरा आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही होत."

"वसू, तुला सांगतोय मी. मोठ्यांच्या मध्ये पडू नये."

"मग ढकला मला."

स्वयंपाकघर एवढे अरुंद होते की तिला हात लावल्याशिवाय पलीकडे जाणे शक्य नव्हते. दिवाकररावांचा हात वर गेला, आणि तिथेच राहिला. मग ते चपला न घालताच बाहेर पडले.

त्यानंतर ती दर चौथ्या दिवशी घरी असे. शाळेची सहल, मैत्रिणीचे लग्न, सगळे वडिलांच्या ड्यूटीकडे पाहून ठरे. दिवाकररावांनी तो नियम कधी मोडला नाही, आणि सवयही सोडली नाही. ते फक्त वाट पाहत. ती सतरा वर्षांची असताना आखाड्याची मंडळी लाठीच्या प्रदर्शनासाठी टहरौलीला गेली होती. इकडे त्यांची मालगाडी रद्द झाल्यामुळे दिवाकरराव एक दिवस आधीच घरी आले. वसुंधरा परतली तेव्हा आईच्या मनगटाला प्लास्टर होते. आम्ही भिंतीपलीकडेच होतो.

एकोणिसाव्या वर्षी तिला ग्वाल्हेरच्या अध्यापिका विद्यालयात प्रवेश मिळाला, वसतिगृहासह. तिने पत्र लपवले. इंदुमतीबाईंना ते सापडले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा चढलेला आवाज आमच्याकडे ऐकू आला.

"तू जाणार आहेस. माझी शपथ आहे तुला."

"आणि इथे कोण उभं राहील?"

"कोणी नको. मी तुला जन्म दिला तो काय दाराला अडसर म्हणून?"

त्यांनी स्वतः तिची ट्रंक भरली, स्वतः स्टेशनवर नेले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचे गज धरून उभ्या राहिल्या. वसुंधरा दतियाला उतरली. अर्ध्या तासावरचे स्टेशन. ट्रंक फलाटावर ठेवून ती परतीच्या पॅसेंजरची वाट पाहत बसली आणि चार वाजता घरी पोहोचली.

दिवाकरराव चहा पीत होते. इंदुमतीबाई भाजी निवडत होत्या. त्या दिवशी घरात काहीच घडले नव्हते. वसुंधरेने ट्रंक कोपऱ्यात सरकवली, हातपाय धुतले आणि दोघांच्या मध्ये पाट मांडून भाजी निवडायला बसली. इंदुमतीबाईंनी तिच्यापुढची परात ओढून घेतली आणि पाठ फिरवली.

त्यानंतर महिनाभर इंदुमतीबाई मुलीशी एक शब्दही बोलल्या नाहीत.